विंचवाचे बिऱ्हाड आणि बांधलेले घर

भोपाळच्या पूर्व अंगाला, रायसेनकडे जाणाऱ्या रस्त्यालगत सोनागिरी ही वस्ती आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्य प्रदेश राज्य अस्तित्वात आले आणि भोपाळ त्याची राजधानी झाली. जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. तेथील सरकारी दप्तरे भोपाळला आली आणि दप्तरांच्या पाठोपाठ पुष्कळ मराठी कुटुंबेही आली. त्याच वर्षी विजेची अवजड यंत्रसामग्री तयार करण्यासाठी हेवी इलेक्ट्रिकल्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. कारखान्याने आपल्या माणसांसाठी नगर वसविले, क्वार्टरे बांधली. नोकरी असेतो क्वार्टर आणि निवृत्तीनंतर जवळपासच्या वस्तीत स्वतःचे लहानसे घर, हा क्रम येथील कित्येक कुटुंबांनी अनुभवला आहे.

क्वार्टर आणि घर यांतील भेद अशा कुटुंबांना समजावून सांगावा लागत नाही. क्वार्टर तयार मिळते. त्यात शिरायला वेळ लागत नाही आणि सोडतानाही फारसे काही मागे उरत नाही. घराचे तसे नसते. त्याला जागा लागते, खर्च लागतो, आणि एकदा भिंत उभी केली की ती हलविणे सोपे राहत नाही. तथापि जन्मभराचा संसार मांडायचा तो घरातच. आज संगणक वापरणाऱ्या सामान्य गृहस्थापुढे जो एक प्रश्न येऊन उभा राहिला आहे, त्याचे स्वरूप नेमके हेच आहे. संगणकाची कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम, पेन ड्राइव्हसारख्या काढत्या-घालत्या साधनावरून चालवावी, की यंत्राच्या पोटातील डिस्कवर कायमची वसवावी?

कार्यप्रणाली म्हणजे संगणकाचा कारभारी. कळफलकावर दाबलेले अक्षर पडद्यावर उमटविणे, छपाईयंत्राला कागद ओढण्यास सांगणे, लिहिलेले पत्र डिस्कवरील ठरावीक जागी ठेवणे, ही सारी कामे तो करवून घेतो. संगणक सुरू केला की त्याच्या मुख्य पाटीवर कोरलेला एक छोटा कार्यक्रम प्रथम जागा होतो आणि कारभारी कोठे सापडतो याचा शोध घेतो. बहुधा तो डिस्कवर सापडतो. परंतु त्या पहिल्या कार्यक्रमाला डिस्कचीच आवड असते असे नाही. पेन ड्राइव्हवर कारभारी बसलेला असेल आणि प्रथम तिकडे पाहावे अशी सूचना दिलेली असेल, तर तो तेथूनच त्याला उठवितो. मग आतली डिस्क रिकामी असो, बिघडलेली असो, वा मुळीच नसो, संगणक चालू लागतो.

हा प्रकार नवा वाटतो, पण वस्तुतः तोच जुना आहे. १९८१ साली आय.बी.एम. कंपनीने आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला, तेव्हा त्यात हार्ड डिस्क नव्हती. फ्लॉपीची लवचिक तबकडी खाचेत सरकवावी, तिच्यावरून डॉस ही प्रणाली सुरू करावी आणि काम झाले की तबकडी काढून खणात ठेवावी, अशी रीत होती. १९८३ साली त्याच कंपनीच्या पुढच्या यंत्रात दहा मेगाबाइटची हार्ड डिस्क आली आणि कारभाऱ्याला कायमचा मुक्काम मिळाला. आज फोनवर काढलेली दोन-तीन छायाचित्रेही एवढ्या जागेत जेमतेम मावतील. परंतु त्या काळी तो वाडाच होता. पुढे प्रणाली इतक्या वाढल्या की त्यांना फ्लॉपीवर हिंडणे अशक्य झाले.

बिऱ्हाड पुन्हा पाठीवर आले ते सीडीमुळे. १९९२ साली यग्ड्रासिल या नावाने लिनक्सची एक प्रणाली सीडीवरून चालविता येईल अशी निघाली. मात्र या रीतीला खरी लोकप्रियता मिळवून दिली ती जर्मनीतील क्लाउस क्नॉपर यांनी. त्यांची क्नॉपिक्स ही प्रणाली २००० साली प्रसिद्ध झाली. सीडीची जागा सुमारे सातशे मेगाबाइट; क्नॉपर यांनी दाबून बसविलेल्या स्वरूपात तिच्यावर सुमारे दोन गिगाबाइट मजकूर सामावला आणि लागेल तेवढाच भाग वाचतेवेळी उलगडण्याची योजना केली. प्रवासाला निघताना गादी गुंडाळावी आणि मुक्कामी पोहोचल्यावर पसरावी, तसेच हे. ऑस्ट्रेलियातील बॅरी कॉलर यांनी २००३ साली पपी लिनक्स काढली. ती इतकी आटोपशीर की सारीच्या सारी संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीत जाऊन बसे आणि सीडी काढून घेतली तरी चालत राही. २००६ च्या जून महिन्यात उबुंटूने चालवून पाहण्याची आणि बसविण्याची अशा दोन सीड्या एकत्र केल्या. आधी वापरून पाहावे, पसंत पडल्यास बसवावे, ही रीत तेव्हापासून रूढ झाली.

आता सोनागिरीतील एक घर डोळ्यांपुढे आणावे. कारखान्यातून निवृत्त झालेले आजोबा आणि इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेली नात, एवढीच माणसे घरात. आजींना जाऊन दोन वर्षे झालेली. आजींना जात्यावरच्या ओव्या पुष्कळ येत. नातीने त्या एका उन्हाळ्याच्या सुट्टीत ध्वनिमुद्रित केल्या आणि घरातल्या दहा वर्षांच्या जुन्या संगणकावर ठेवल्या. फोन मागाहून बदलला. ओव्यांची दुसरी प्रत कोठेही नव्हती, आणि ही गोष्ट कोणाच्या ध्यानातही नव्हती.

एके सकाळी संगणक सुरू होईना. कंपनीचे बोधचिन्ह पडद्यावर यावे आणि तेथेच सारे थबकावे. आजोबा यंत्र दुरुस्तीच्या दुकानात घेऊन गेले. दुकानदाराने थोडी खटपट केली आणि सांगितले की फॉर्मॅट करावे लागेल, विंडोज नव्याने टाकता येईल, पण आतले काही उरेल असे धरून चालू नये. आजोबा क्षणभर थांबले आणि यंत्र जसेच्या तसे घरी घेऊन आले.

संध्याकाळी नात परतली. तिने आपल्या पिशवीतून पेन ड्राइव्ह काढला. "आजोबा, कुलूप बिघडलंय असं दिसतं. घर पडलंय असं अजून कोणी सिद्ध केलेलं नाही," ती म्हणाली. तिने यंत्र सुरू होताच योग्य ती कळ दाबली, यादीतून पेन ड्राइव्ह निवडला आणि दोनतीन मिनिटांत लिनक्सचा पडदा उघडला.

या एका कृतीत रोगनिदान आहे. पेन ड्राइव्हवरून यंत्र नीट चालले, याचा अर्थ त्याचा प्रोसेसर, त्याची स्मृती, त्याचा पडदा ही सारी बहुतेक शाबूत आहेत. दोष डिस्कमध्ये किंवा डिस्कवरील प्रणालीत आहे. पेन ड्राइव्हवरूनही ते अडखळले असते, तर संशय स्मृतीच्या पट्ट्यांकडे किंवा मुख्य पाटीकडे वळला असता. अशा पेन ड्राइव्हवर स्मृतीची परीक्षा घेणारे आणि डिस्कच्या प्रकृतीचा तिने स्वतःच ठेवलेला लेखाजोखा वाचणारे कार्यक्रमही असू शकतात. डिस्क खटखट आवाज करीत असेल, तर मात्र तिच्यावर प्रयोग करीत बसू नये. चालू असलेला प्रत्येक क्षण तिचे आयुष्य कमी करीत असतो. अशा वेळी तज्ज्ञाकडून प्रथम तिची संपूर्ण प्रतिकृती काढून घ्यावी आणि पुढचा शोध प्रतिकृतीवर करावा.

येथे डिस्क गप्प होती. ती केवळ वाचण्यापुरतीच उघडली. त्यात लिहिता येईना. त्याचे कारण सोपे आहे. लवकर सुरू होता यावे म्हणून विंडोज पुष्कळदा पूर्ण बंद होत नाही, अर्धवट निद्रिस्त अवस्थेत राहते. दुसऱ्याचा डाव अर्धा मांडलेला पाहून लिनक्स त्याला हात लावीत नाही. नातीला लिहायचे नव्हतेच. तिने ओव्यांचा संच शोधला आणि बाहेर जोडलेल्या दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतला. मग त्यातील एक लावली. आजोबा खुर्चीवर बसून राहिले. ओवी संपल्यावर त्यांनी ती पुन्हा लावायला सांगितली.

दुसऱ्या दिवशी आजोबांनी साहजिकच विचारले, "बाळ, हे पेन ड्राइव्हवरच इतकं छान चालतंय, तर असंच चालू दे की. कशाला पुन्हा बसवाबसवी?" नात कॉलेजला जाण्याच्या घाईत होती, संध्याकाळी बोलू, असे म्हणून ती गेली. आजोबांनी दिवसभर बसून प्रत्येक ओवी ऐकली आणि ती कोणत्या प्रसंगाची, आजींनी ती कोणाकडून उचलली, याची दोन पानांची टीप मराठीत लिहून काढली. टीप त्यांनी पडद्यावर समोरच ठेवली. दुपारी वीज गेली. वीज आल्यावर यंत्र पुन्हा सुरू केले, तेव्हा पडदा कालच्यासारखाच स्वच्छ होता. टीप नव्हती.

यात कोणाचा अपराध नाही. या व्यवस्थेचा तो स्वभाव आहे. पेन ड्राइव्हवरील मूळ प्रणाली केवळ वाचनापुरती असते. तिच्यावर पारदर्शक कागद अंथरावा आणि सारे लेखन त्या कागदावर करावे, अशी योजना असते. आणि तो कागद संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीत असतो. यंत्र बंद झाले की कागद नाहीसा होतो आणि खालचे पान कोरे राहते. हा गुणही आहे आणि दोषही. सार्वजनिक ठिकाणच्या संगणकावर, किंवा आपला माग राहू नये अशा कामासाठी, तो गुण आहे. टेल्स नावाची प्रणाली २००९ सालापासून याच हेतूने काढली जाते आणि जगातील कित्येक पत्रकार ती वापरतात. परंतु आयुष्याच्या आठवणी लिहावयास बसलेल्या वृद्धाच्या दृष्टीने तो दोष आहे. शिवाय ती स्मृती मर्यादित असते. चार गिगाबाइट स्मृतीच्या यंत्रात प्रणालीही तेथेच वावरणार आणि लेखनही तेथेच साठणार. जागा संपली की यंत्र गुदमरते.

यावर एक मधला मार्ग आहे. पेन ड्राइव्हवरच एक वेगळा कप्पा राखून ठेवता येतो आणि पारदर्शक कागद स्मृतीऐवजी त्या कप्प्यात अंथरता येतो. म्हणजे लिहिलेले टिकते. भाड्याच्या खोलीत आपले एक कपाट ठेवावे, तशी ही सोय होय. विद्यार्थ्याला ती उपयोगी पडते. लहान मुलांच्या शिक्षणातही तिचा विचार झालेला आहे. २००७ साली रायगड जिल्ह्यातील खैरात या आडगावच्या शाळेत मुलांना एक्सओ नावाचे छोटे संगणक देण्याचा प्रयोग झाला. त्या संगणकांवर शुगर नावाचे मुलांसाठी रचलेले वातावरण होते. दोन वर्षांनी, २००९ मध्ये, तेच वातावरण पेन ड्राइव्हवर मिळू लागले. मुलाजवळ स्वतःचा संगणक नसला तरी आपली पाटी त्याने खिशात न्यावी आणि शाळेतील कोणत्याही यंत्राला लावून कालचे काम पुढे चालू करावे, ही त्यामागची कल्पना.

परंतु कपाट म्हणजे घर नव्हे. पेन ड्राइव्हमधील स्मृतीच्या प्रत्येक कणाला पुसून लिहिण्याची मर्यादा असते. चालू प्रणाली सतत बारीकसारीक नोंदी करीत असते, आणि साध्या पेन ड्राइव्हमध्ये ती झीज सर्वत्र सारखी वाटून देण्याची व्यवस्था चांगल्या डिस्कइतकी काटेकोर नसते. तो एके दिवशी पूर्वसूचना न देता बंद पडतो. वेगाचेही तसेच. २००० सालच्या यूएसबी २ पद्धतीची कमाल मर्यादा सेकंदाला ४८० मेगाबिट. २००८ च्या यूएसबी ३ ची पाच हजार. परंतु खाच कितीही रुंद असली, तरी स्वस्त पेन ड्राइव्हचा लिहिण्याचा वेग त्याच्या आतल्या स्मृतीवरच ठरतो. मूळ प्रणाली केवळ वाचनापुरती असल्याने तिच्या गाभ्यातील सुधारणाही अशा रचनेत सहसा लागू पडत नाहीत. प्रतिमा तयार केली त्या दिवशी तिच्यातील ब्राउझर ताजा असतो. वर्षभराने तो शिळा होतो. म्हणून जुन्या पेन ड्राइव्हवरून बँकेचे व्यवहार करणे हे स्वच्छ भांड्यात शिळे अन्न वाढण्यासारखे आहे. मोठ्या कंपन्यांनाही या अडचणी आल्या. मायक्रोसॉफ्टने विंडोज टू गो या नावाने खिशातील विंडोज देऊन पाहिली आणि २०२० साली ती योजना बंद केली.

संध्याकाळी नातीने टीपेची हकिकत ऐकली. ती काही वेळ काहीच बोलली नाही. "चूक माझी आहे, आजोबा. हे बिऱ्हाड आहे, हे मी तुम्हाला सकाळीच सांगायला हवं होतं," ती म्हणाली. आजोबा म्हणाले, "पाने गेली, बाळ; माणूस सांगायला अजून बसलेला आहे. उद्या पुन्हा लिहीन. पण या खेपेला घर बांधू."

त्यांच्या यंत्राला दुसरा मार्गही फारसा नव्हता. विंडोज १० ला मिळणारा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची व्यवस्था आणि ठरावीक पिढीनंतरचे प्रोसेसर लागतात. दहा वर्षांपूर्वीचे यंत्र त्या कसोटीला उतरत नाही. अशी चालती यंत्रे देशोदेशी भंगाराच्या वाटेवर उभी आहेत. लिनक्स मिंटसारखी प्रणाली दोन गिगाबाइट स्मृती आणि वीस गिगाबाइट जागा एवढ्यावर चालू शकते, मात्र चार गिगाबाइट असल्यास बरे. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेने २००७ साली डेबियनच्या आधारावर बॉस ही भारतीय भाषांची सोय असलेली प्रणाली काढली. ज्याला जी रुचेल ती त्याने घ्यावी. परंतु घर बांधण्यापूर्वी जमीन पाहावी. या कामी पेन ड्राइव्हच कामास येतो. पेन ड्राइव्हवरून चालविताना वाय-फाय लागते का, आवाज येतो का, छपाईयंत्र ओळखले जाते का, मराठीचा इनस्क्रिप्ट कळफलक नीट बसतो का, हे सारे डिस्कला धक्का न लावता तपासता येते. जे पाहुणा म्हणून चालले नाही, ते यजमान झाल्यावर आपोआप चालेल अशी आशा धरू नये.

प्रत्यक्ष बसविताना सावधगिरी लागते. जे जपायचे त्याची प्रत आधी बाहेर काढावी आणि ती दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहावी. न उघडलेली प्रत ही प्रत नव्हे. उतरवून घेतलेल्या प्रणालीची पडताळणीची संख्या मूळ संख्येशी जुळते की नाही हे पाहावे. प्रणाली कोठे बसवायची असे विचारले जाते, तेव्हा डिस्कचे नाव आणि आकार दोनदा वाचावा. बाहेर जोडलेली डिस्क त्या वेळी काढूनच ठेवलेली बरी, कारण एका चुकीच्या निवडीने वाचविलेले सारे पुसले जाते. विंडोज ठेवून शेजारी लिनक्स बसविणाऱ्यांच्या घड्याळात पुष्कळदा बरोबर साडेपाच तासांचा फरक पडतो. एक प्रणाली यंत्रातील घड्याळ भारतीय वेळेचे मानते, दुसरी जागतिक प्रमाणवेळेचे, एवढेच त्याचे कारण. ते एका सूचनेने दुरुस्त होते.

याहून मोठी गोष्ट निराळीच आहे. आजोबांच्या विंडोजला पासवर्ड होता. तरीही नातीने पेन ड्राइव्ह लावून डिस्क उघडली आणि तिला कोणी अडविले नाही. जी किल्ली नातीला चालली, ती चोरालाही चालते. विंडोजचा पासवर्ड हा समोरच्या दाराचा पहारेकरी; पेन ड्राइव्हने आलेला माणूस त्या दाराने येतच नाही. डिस्कवरील मजकूर कूटरूपात ठेवला, तरच त्याला अडवता येते. पण तसे असते, तर किल्लीवाचून नातीलाही ओव्या मिळाल्या नसत्या. बिटलॉकरने बंद केलेल्या डिस्कची परत मिळविण्याची कळ ठाऊक नसल्यामुळे घरच्याच माणसांना हात चोळीत बसावे लागू शकते. म्हणून कूटबद्ध करावे, आणि कळ कागदावर लिहून घरातील महत्त्वाच्या कागदपत्रांत ठेवावी. दोन्हींपैकी एकच केले, तर काम अपुरे राहते.

त्या घरी चार दिवस पेन ड्राइव्हवरून सारे तपासून झाले. डिस्कची प्रकृती ठीक निघाली. प्रणालीच बिघडलेली होती. रविवारी सकाळी नातीने बाहेरची डिस्क काढून कपाटात ठेवली आणि लिनक्स बसविली. तासाभरात काम आटोपले. आजोबांनी टीप पुन्हा लिहायला घेतली. पहिल्या खेपेला सुटलेल्या दोन ओव्या या वेळी त्यांना आठवल्या, आणि दोन पानांची तीन झाली. यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले तेव्हा ती जागच्या जागी होती, तरीही त्यांनी ती बाहेरच्या डिस्कवर उतरविली आणि तिसरी प्रत नागपूरला मुलीकडे पाठविली.

पेन ड्राइव्ह नातीने परत मागितला नाही. आजोबांनी त्याला कागदाची चिठ्ठी बांधली, तिच्यावर तारीख लिहिली आणि तो देवघराखालच्या फडताळात किल्ल्यांच्या जुडग्याशेजारी ठेवला. दरवर्षी दसऱ्याला त्याच्यावर नवी प्रत चढवायची, असे दोघांनी ठरविले आहे.